बिनरजेचं फेशियल

कुंडलमध्ये फौजेतल्या कुणाची रजा मंजूर झाली, हे गावाला फोनवरून कळत नाही. ते गुणमालाच्या पार्लरवरून कळतं. नवरा जम्मूला गाडीत बसला की बायको इकडे गुणमालाच्या खुर्चीत बसते. दोन दिवस त्याच्या प्रवासाचे, आणि फेशियलचं तेजही दोन-तीन दिवसच टिकतं, त्यामुळे वेळ नेमकी साधावी लागते. चकचकीत तोंडाने बाई पार्लरच्या पायऱ्या उतरली की पुढचं सगळं गाव करतं. दूधवाला न सांगता अर्धा लिटर जास्त घालतो. सासू हरभऱ्याची डाळ भाजायला काढते. नवऱ्याचे मित्र मिलिटरी कँटीनच्या बाटलीची आशा धरून उगाच दारावरून दोन चकरा मारतात. हा नियम कुणी केला, कुणालाच माहीत नाही, पण ग्रामपंचायतीच्या कुठल्याही ठरावापेक्षा तो जास्त पाळला जातो. भुवया कोरून घ्या, केस कापा, कुणी विचारत नाही. फेशियल म्हणजे रजा.

पार्लरची मालकीण गुणमाला म्हणजे खत-औषधांच्या दुकानवाल्या धन्यकुमारची बायको. अठरा वर्षांपूर्वी सांगलीत तीन महिन्यांचा कोर्स करून तिने घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं, लेकीचं नाव देऊन 'ब्राह्मी ब्युटी पार्लर' अशी पाटी रंगवली आणि सर्टिफिकेट फ्रेम करून बाहुबलीच्या फोटोशेजारी लावलं. हात चांगला होता, हे कबूल करायला हवं. बाई 'आई गं' म्हणेपर्यंत भुवई झालेली असे. पण तिला खरा अभिमान हाताचा नव्हता, तोंडाचा होता. "माझ्या खुर्चीतली गोष्ट उंबऱ्याभायेर जात न्हाई," असं ती दिवसातून चारदा सांगायची, आणि गंमत म्हणजे तिचा त्यावर मनापासून विश्वास होता.

कारण गुणमाला नाव घेत नसे. बाकी सगळं घेई. "नाव कशाला घ्यू, पर तुमच्या मागच्या गल्लीतली, निळ्या गेटाच्या घरातली, जिच्या सासऱ्याचं औंदा मोतीबिंदूचं आपरेशन झालं, ती," इथपर्यंत आली की ती ओठ मिटायची. ऐकणारी तोवर त्या घराच्या स्वयंपाकघरात पोचलेली असे. चतुर्दशीला गुणमाला हिरवी भाजीसुद्धा खात नसे, पण दुसऱ्याच्या घरातलं तिला कुठल्याच तिथीला वर्ज्य नव्हतं.

अशा बाईकडे सिनेमावाले आले, मग काय विचारता.

शंभूराज हा मूळचा रहिमतपूरचा. बारा वर्षं पुण्यात राहून त्याने एक सिनेमा काढला होता. तो चार दिवस चालला. तेव्हापासून तो 'आपल्या मातीतलं काहीतरी' शोधत फिरत होता, आणि माती शोधायला येताना पांढरे बूट घालून येत होता. आता त्याला खेड्यातल्या ब्युटी पार्लरवर विनोदी सिनेमा काढायचा होता. सोबत उत्कर्षा नावाची लेखिका होती. तिचा मोबाईल सतत टेबलावर पालथा पडलेला असे, आणि त्यात सगळं रेकॉर्ड होतंय हे गुणमालाला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यावर तिने फक्त आवाज थोडा खणखणीत केला.

"काकी, आम्हाला खऱ्या गोष्टी हव्यात," उत्कर्षा म्हणाली.

"खऱ्याच हायत सगळ्या. पर मी नाव घ्यायची न्हाई हं कुणाचं," गुणमालाने आधीच बजावलं, चहाचा कप पुढे सरकवला आणि सुरू झाली.

तीन दुपारी ती बोलली. कुणाच्या लग्नात नवरीच्या आधी नवऱ्याने फेशियल करून घेतलं, कुणाची सासू सुनेच्या नावावर केस काळे करून जाते, सगळं. पण शंभूराज खुर्चीवरून पडेपर्यंत हसला तो एकाच गोष्टीला. ती होती बिनरजेच्या फेशियलची.

ती गोष्ट अशी. गेल्या भाद्रपदात, गौरी गेल्यावर, एक फौजीची बायको आली आणि फेशियल करून गेली. नवरा राजौरीला. गावाने तिचं तोंड बघितलं आणि नियमाप्रमाणे कामाला लागलं. सासूने तीन किलो बेसनाचे लाडू वळले. अंगणातली बाज दोऱ्या आवळून तयार झाली. मित्रांनी दारावरच्या चकरा सुरू केल्या. पोरीला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. तिसऱ्या दिवशी तिने हळूच सांगितलं, रजा ऐनवेळी कॅन्सल झाली. मग सासूने ते लाडू गल्लीभर वाटले, आणि गल्लीने ते खाता खाता सरकारला शिव्या दिल्या. खरं म्हणजे रजा कॅन्सल झाली नव्हती. ती मागितलीच नव्हती. हे गावात त्या पोरीला माहीत होतं आणि गुणमालाला.

"मग फेशियल कुणासाठी?" शंभूराजने डोळे पुसत विचारलं.

"आता ते मी कसं सांगू?" गुणमाला म्हणाली आणि अशी हसली की काय समजायचं ते ज्याने त्याने समजावं.

वास्तविक पोरीने कारण सांगितलं होतं. गुणमालाने ते ऐकलंही होतं. पण ही गोष्ट तिने याआधी माहेरी, परगावच्या बायकांत दोन-तीनदा सांगून पाहिली होती, आणि कारण सांगितलं की बायका हसायच्या थांबतात, गप्प बसतात, एखादी तर उठून पाणी प्यायला जाते, हे तिच्या ध्यानात आलं होतं. म्हणून तिने ते गाळून टाकलं. नाव अर्थात घेतलं नाही. हिरवी स्कूटी, हवालदारीण सासू आणि देवळामागचं घर, एवढंच काय ते बोलण्याच्या ओघात आलं.

मार्चमध्ये शूटिंग झालं. शंभूराजने पार्लर चारी बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाला, "काकी, तुमचं पार्लर फार चांगलं आहे. तीच अडचण आहे." मग एसीवर गोणपाट आलं, फरशीवर मातकट रंगाची चटई आली, आरशावर चहाचं पाणी शिंपडलं गेलं, आणि आत दोन कोंबड्या सोडण्यात आल्या. त्या जैन घरात आजवर अंडं आलं नव्हतं.

"पार्लरात कोंबडी कशापायी?" गुणमालाने कळवळून विचारलं.

"फील येतो," शंभूराज म्हणाला.

गावातल्या बायकांना गिऱ्हाइकं म्हणून बसायला बोलावलं होतं. त्या पैठण्या नेसून, गजरे माळून आल्या. त्यांना घरी जाऊन जुनी लुगडी नेसून यायला सांगितलं. "तुम्ही खऱ्या दिसायला हव्यात," असं कारण दिलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या दीपालीबाईंनी विचारलं, "मग आत्ता आमी कोण दिसतोय?" गुणमालाचं काम करणारी नटी दर वाक्याला 'व्हय जी' म्हणत होती. असं कुंडलमध्ये कुणी म्हणत नाही, हे तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. आणि खुद्द गुणमालाला सिनेमात काम मिळालं ते गिऱ्हाइकाचं. तोंडभर मुलतानी मातीचा लेप, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या. तिच्या सख्ख्या आईने ओळखलं नसतं. पण तिने गावभर सांगितलं, "माझाबी रोल हाय."

सिनेमाचं नाव तीनदा बदललं, आणि दिवाळीनंतर तो लागला. शंभूराजने कुंडलकरांसाठी सांगलीच्या थिएटरात रविवारचा दुपारचा खेळ ठेवला. दोन मिनीबस भरून गाव गेलं. गुणमाला मधल्या रांगेत, नवीन साडीत, धन्यकुमारला कोपराने ढोसत बसली होती. तिच्या पुढच्या रांगेत साळूबाई, त्यांची सून पूजा आणि शेजारच्या चार बायका. साळूबाई म्हणजे कै. हवालदार अर्जुना यांची बायको. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी गाव त्यांना अजून हवालदारीण म्हणतं, आणि त्या चालतातही तशाच. त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धू फौजेत. सध्या राजौरीला.

पहिला अर्धा तास सगळे पोट धरून हसले. कोंबड्या आल्या, म्हैस आली, नटी 'व्हय जी' म्हणाली. गुणमालाचा लेप लावलेला चेहरा दोन सेकंद येऊन गेला आणि धन्यकुमारने नेमकं तेव्हा मोबाईलमध्ये बघितलं. मग पडद्यावर हिरवी स्कूटी आली.

स्कूटीवरून फौजीची बायको उतरली. फेशियल केलं. गाव कामाला लागलं. सासूने लाडू वळायला घेतले, आणि इथे थिएटरातलं हसणं हळूहळू पातळ व्हायला लागलं. कारण ते लाडू थिएटरातल्या प्रत्येकाने खाल्ले होते. सिनेमातली सासू कपाळावर हात मारून म्हणाली, "रजा कॅन्सल झाली जी." पडद्यावर पुढे काय होणार हे शंभूराजने स्वतःच्या मनाने ठरवलं होतं. बाई मागच्या दाराने शेजारच्या जेंट्स पार्लरवाल्याकडे गेली, पंखा बंद पडला, दिवा गेला, कोंबडी ओरडली. आणि थिएटरातल्या पन्नास-साठ माना एकदम साळूबाईंच्या रांगेकडे वळल्या.

पूजा पडद्याकडे बघत होती. पापणी हलत नव्हती तिची. साळूबाईंनी शेजारच्या बाईकडून पाण्याची बाटली मागून घेतली, दोन घोट प्याल्या आणि झाकण लावून परत दिली.

परतीच्या बसमध्ये गुणमालाने स्वतःची समजूत घातली. मी कुठं नाव घेतलं? सिनेमातसुद्धा नाव वेगळंच आहे. लोकच आंबटशौकीन, त्याला मी काय करू?

त्या रात्री साळूबाईंनी लेकाला फोन लावला आणि विचारलं, गेल्या वर्षी भाद्रपदात रजा मागितली होतीस का. "कसली रजा?" सिद्धू म्हणाला. झालं. मंगळवारपर्यंत सिद्धूने पूजाचा फोन उचलला नव्हता. पूजाचं माहेर खंडाळ्याला. 'लेकीला घेऊन जा' एवढा निरोप तिकडे धाडायचा बाकी होता. पाण्याच्या टाकीपाशी, पिठाच्या गिरणीत, जेंट्स पार्लर कुठलं असेल याच्यावर चर्चा चालली होती. गावात जेंट्स पार्लर एकच, आणि ते चालवणारा गुंडा साठीचा, दमेकरी. पण चर्चेला ते आड येत नव्हतं.

खरं काय ते गावात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकीवर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. उरली गुणमाला. तिने तोंड उघडलं तर पूजाचं घर राहणार होतं. पण मग हे सिनेमावाल्यांना सांगितलं कुणी, हा पुढचा प्रश्न येणार होता. आजवर तिने गावाला, मी त्यास्नी नुसती जागा दिली, असंच सांगितलं होतं. शेजारच्या पलूसला नवीन पार्लर निघालेलंच होतं, मोठ्या आरशांचं. गुणमालाने दोन दिवस पोट दुखतंय म्हणून काढले.

बुधवारी दुपारी साळूबाई पार्लरच्या पायऱ्या चढल्या. मागोमाग पूजा, डोळे सुजलेले. आत खुर्चीत दीपालीबाई होत्या, डावी भुवई झालेली, उजवी व्हायची. बाकावर तिघीजणी, त्यातल्या एकीच्या डोक्यावर मेंदी थापलेली. साळूबाईंना बघून त्या सगळ्या एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागल्या.

"गुणमाला, ह्या पोरीनं त्या दिवशी काय करून घेतलं हुतं?"

"फेशियल, मावशी."

"कुणासाठी?"

"मला काय ठावं?" गुणमाला दोरा गुंडाळत म्हणाली. "मी कुणाला इचारत न्हाई."

मेंदीवाली बाईसुद्धा कॅलेंडर सोडून तिच्याकडे बघायला लागली.

"काकी," पूजा पुढे आली, "मी तुमाला सांगितलं हुतं. सांगा की आत्याबाईंना."

"कवा गं? माझ्या ध्येनात न्हाई."

अकरा वर्षांपूर्वी कुणाच्या साखरपुड्याला कुणाचा ब्लाऊज उसवला ते जिच्या ध्यानात होतं, ती ही बाई. स्वतःच्या कानांनाच ते वाक्य पटलं नाही तिच्या. पूजाने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. रडलीही नाही. तेवढं मात्र गुणमालाला लागलं.

साळूबाईंनी चपला काढल्या. "बरं. मग माझं कर."

"तुमचं? काय?"

"फेशियल. हिचं केलंस तेच, तेवढंच. ज्याच्यापायी माझं घर चव्हाट्यावर गेलं, ते हाय तरी काय, मला बघू दे. ऊठ गं बाई."

शेवटचे शब्द दीपालीबाईंना होते. दीपालीबाई एका भुवईनिशी गुमान उठून बाकावर गेल्या. साळूबाई खुर्चीत बसल्या, पदर कानामागे घट्ट खोवला, आणि डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत राहिल्या. पहाऱ्यावर बसावं तशा.

गुणमालाने तोंड पुसून घेतलं, क्रीम लावलं आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. चौसष्ट वर्षं उन्हात भाजलेला चेहरा. हनुवटीपासून कानापर्यंत, नाकापासून कपाळापर्यंत. पहिली पाच मिनिटं बोटांखाली जबडा दगडासारखा होता. मग डोळे मिटले. मग जबडा सैल पडला, आणि मान नकळत गुणमालाच्या हाताकडे कलली. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याची एक रेघ कानाकडे गेली. गुणमालाने ती कापसाने टिपली. गेल्या वर्षी भाद्रपदात याच खुर्चीत, अशाच कापसाने तिने पूजाची टिपली होती, आणि पुढे त्याची तिने तीन-चार वेळा करमणूक केली होती. तिला स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती.

"मावशी," ती म्हणाली. "ती बोलली हुती. सिद्धू जाऊन आठ म्हैने झाले काकी, म्हणली, आठ म्हैन्यांत माझ्या तोंडावरनं कुणाचा हात फिरला न्हाई. म्हणून आले. एवढंच बोलली. आन् मसाज करता करता झोपली, ती पाऊण तास. दुसरं कोण न्हवतं मावशी. कोणच न्हवतं."

साळूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"मग ह्ये सिनेमात कसं न्हाई?"

"मी सांगितलं न्हाई त्यास्नी."

"आन् बाकीचं?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. "बाकीचं समदं मीच सांगितलं. तीन दिस बसून सांगितलं. सगळ्या गावाचं सांगितलं."

बाकावरच्या चौघींनी एकमेकींकडे बघितलं. मग प्रत्येकजण आपापल्या मनात शिरली आणि या खुर्चीत बसून गेल्या अठरा वर्षांत आपण काय काय बोललो, ते आठवायला लागली. एकीचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांत आधी दीपालीबाई उठल्या. उद्या त्यांना त्याच चेहऱ्याने चौथीच्या वर्गासमोर उभं राहायचं होतं.

"राहू दे काकी. दुसरी मी पलूसला करून घेते," त्या म्हणाल्या आणि एका भुवईने पायऱ्या उतरून गेल्या.

त्यांच्यामागे बाकीच्या गेल्या. मेंदीवाली तशीच थापलेल्या डोक्याने, कपाळावरून हिरवं पाणी गळत, पदर न घेता रस्त्याला लागली. पुन्हा येते असं कुणीच म्हणालं नाही. गुणमालाने त्यांना हाक मारली नाही. मारण्यासारखं तोंड राहिलं नव्हतं.

"गेल्या सगळ्या?" साळूबाईंनी विचारलं.

"गेल्या."

"पूजा, दार लाव. आन् घरी गेल्यावर सिद्धूला फोन लाव. माझ्या नंबरवरनं लाव, उचलंल. मी बोलते त्याच्यासंगं."

पूजाने दार लावलं आणि बाकाच्या टोकाला बसली. गुणमालाचे हात अजून साळूबाईंच्या गालांवर होते. आता वाफ द्यायची वेळ झाली होती, म्हणून ती हात काढून घ्यायला लागली.

"थांब," साळूबाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "सावकाश कर. मला नऊ वर्षं झाली."